‘प्रकृती कशी आहे?’ : कॅनडातील स्त्रियांची उत्तरे

(नभोवाणीवरील भाषण)

आपल्याकडे दोन माणसे भेटली की पहिला प्रश्न प्रकृतीचा निघतो, आणि त्याचे उत्तरही बहुधा ठरलेले असते. ‘ठीक आहे’, ‘चालले आहे’, ‘देवाच्या कृपेने बरे आहे’. ज्याचा रात्रभर डोळ्यास डोळा लागलेला नाही तोही हेच सांगतो आणि ज्याची भूक व झोप उत्तम आहे तोही हेच सांगतो. विचारणाऱ्यासही त्याहून अधिक काही ऐकावयाचे असतेच असे नाही. परंतु हाच प्रश्न एखाद्या सरकारने हजारो नागरिकांस विचारला, त्यांची उत्तरे टिपून घेतली आणि त्यांवरून कोष्टके मांडली, म्हणजे त्या साध्या ‘ठीक आहे’ला निराळेच वजन प्राप्त होते. दवाखाना कोठे काढावयाचा, आश्रयगृह कोणासाठी बांधावयाचे, पैसा कोणत्या कामी लावावयाचा, हे ठरविताना अशी कोष्टके पुढे ठेवली जातात. कोष्टक चुकीचे वाचले गेले तर त्याचे प्रायश्चित्त वाचणाऱ्यास नव्हे, तर ज्यांची त्यात मोजदाद झाली त्यांस भोगावे लागते. कॅनडा देशात गुन्ह्यास बळी पडलेल्या स्त्रियांना त्यांच्या आरोग्याविषयी आणि मनावरील ताणाविषयी असे प्रश्न विचारले जातात, आणि त्यांची उत्तरे मूलनिवासी व इतर अशा दोन रकान्यांत मांडली जातात. ती उत्तरे कशी वाचावीत, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम मूलनिवासी म्हणजे कोण हे सांगितले पाहिजे. युरोपीय लोक अमेरिका खंडात जाण्यापूर्वी हजारो वर्षे जे लोक तेथे राहत होते, त्यांचे हे वंशज. कोलंबसाच्या भौगोलिक गोंधळामुळे त्यांस ‘इंडियन’ हे नाव चिकटले, आणि कॅनडाने १८७६ साली त्यांच्यासाठी जो कायदा केला तो आजही ‘इंडियन अ‍ॅक्ट’ ह्याच नावाने चालू आहे. आपल्या नावाने एक परका समाज दीडशे वर्षे कायद्यात बांधला गेला आहे, ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांस ठाऊक असेल. आज तेथे त्यांचे तीन मोठे विभाग मानतात : ‘फर्स्ट नेशन्स’ म्हणविणाऱ्या अनेक जमाती, मिश्र वंशाचे ‘मेती’ आणि उत्तरेकडील बर्फाळ प्रदेशातील ‘इन्युइट’. २०२१ च्या जनगणनेत त्यांची एकूण संख्या १८,०७,२५० भरली. म्हणजे देशाच्या लोकसंख्येत दर शंभरांत पाच.

आता प्रश्नांकडे वळू. ‘स्टॅटिस्टिक्स कॅनडा’ ही तेथील सरकारी सांख्यिकी संस्था १९८८ पासून सुमारे दर पाच वर्षांनी गुन्ह्यांविषयी एक पाहणी करीत आली आहे. पोलिसांच्या दप्तरावर ती विसंबून राहत नाही. पंधरा वर्षांवरील माणसांस ती सरळ विचारते की, गेल्या बारा महिन्यांत तुमच्यावर हल्ला झाला काय, कोणी बळजबरी केली काय, चोरी झाली काय. त्याच बैठकीत आणखी दोन साधे प्रश्न येतात. एकंदरीत तुमची प्रकृती कशी आहे : उत्कृष्ट, फार चांगली, चांगली, बेताची की वाईट? आणि तुमच्या आयुष्यातील बहुतेक दिवस कसे जातात : मुळीच ताणाचे नाहीत, फारसे ताणाचे नाहीत, थोडे ताणाचे, बऱ्याच ताणाचे की अतिशय ताणाचे? नाडी कोणी पाहत नाही, रक्त तपासीत नाही. बाई जे सांगेल ते लिहून घ्यावयाचे.

गुन्ह्यांच्या बाबतीत मिळालेली उत्तरे आधी ऐका. २००९ च्या पाहणीत प्रांतांतील मूलनिवासी स्त्रियांपैकी १३ टक्के, म्हणजे जवळजवळ ६७,००० स्त्रियांनी, मागील वर्षात आपल्यावर हिंसक अत्याचार झाल्याचे सांगितले. घटनांचे प्रमाण दर हजार स्त्रियांमागे २७९ होते. इतर स्त्रियांत ते १०६ होते. येथे थोडे गणित करण्यासारखे आहे. हजारांत १३० स्त्रिया पीडित आणि घटना मात्र २७९, ह्याचा अर्थ सरासरीने प्रत्येक पीडित स्त्रीवर वर्षात दोनदा हात उगारला गेला. २०१४ च्या पाहणीत हे प्रमाण मूलनिवासी स्त्रियांत दर हजारी २२० आणि इतर स्त्रियांत ८१ असे आढळले. त्याच वर्षी मूलनिवासी पुरुषांत ते ११० आणि इतर पुरुषांत ६६ होते. केवळ लैंगिक अत्याचाराच्या घटना घेतल्या तर ११५ आणि ३५. पुढे २०१८ साली दुसऱ्या एका पाहणीत वयाच्या पंधराव्या वर्षानंतरच्या साऱ्या आयुष्याविषयी विचारले, तेव्हा मूलनिवासी स्त्रियांपैकी शेकडा ६३ जणींनी शारीरिक वा लैंगिक हल्ला सोसल्याचे सांगितले. इतरांत ही संख्या शेकडा ४५ होती. हा दुसरा आकडाही काही अभिमानाने मिरविण्यासारखा नाही, हे जाता जाता लक्षात असू द्यावे.

२०१४ च्या आकड्यांतून निघालेला एक निष्कर्ष मला विशेष महत्त्वाचा वाटतो. गरिबी, बेघरपणा, बालपणी झालेली मारहाण, व्यसने, वस्तीतील अव्यवस्था ह्या गोष्टी माणसाला गुन्ह्याच्या वाटेवर उभे करतात, हे सर्वत्र खरे आहे. अशा सर्व कारणांचा हिशेब वजा केल्यावर मूलनिवासी पुरुषांच्या बाबतीत केवळ मूलनिवासी असणे हे वेगळे कारण म्हणून शिल्लक राहत नव्हते. स्त्रियांच्या बाबतीत ते शिल्लक राहिले. म्हणजे गरिबी बाजूस काढली, व्यसन बाजूस काढले, तरी ती विशिष्ट समाजाची स्त्री आहे एवढ्यानेच तिचा धोका वाढतो. खुनांचे आकडे ह्याला दुजोरा देतात. कॅनडाच्या केंद्रीय पोलीस दलाने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात १९८० ते २०१२ ह्या काळात १,०१७ मूलनिवासी स्त्रियांचे खून झाल्याचे आणि आणखी १६४ बेपत्ता असल्याचे नमूद आहे. स्त्रियांच्या लोकसंख्येत त्यांचा वाटा शेकडा ४.३, आणि खून झालेल्या स्त्रियांत शेकडा १६.

इतके झाल्यावर कोणी म्हणेल की, आता प्रकृतीचा प्रश्न विचारण्यात अर्थ काय? उत्तर उघडच आहे. परंतु ते तसे उघड नाही. आणि ते का नाही हे कळण्यासाठी अशा स्वकथित उत्तरांना शास्त्रात काय किंमत आहे ते पाहिले पाहिजे.

योगायोगाने ही किंमत प्रथम ठळकपणे दाखवून देणारे एक संशोधन कॅनडातच झाले. मॅनिटोबा प्रांतात १९७१ साली ६५ वर्षांवरील तीन हजारांहून अधिक वृद्धांस त्यांची प्रकृती कशी आहे हे विचारून ठेवले होते. जॅना मॉसी आणि एव्हलिन शापिरो ह्या दोन विदुषींनी पुढील सहा-सात वर्षांत त्यांपैकी कोण वारले हे ताडून पाहिले, आणि १९८२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. ज्यांनी ‘वाईट’ असे सांगितले होते त्यांच्या मृत्यूचा धोका ‘उत्कृष्ट’ सांगणाऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट निघाला. मौज अशी की, डॉक्टरांच्या नोंदींवरून काढलेले आरोग्याचे माप हिशेबात धरूनही हा फरक पुसला गेला नाही. म्हणजे डॉक्टरास जे दिसत नव्हते ते त्या म्हाताऱ्या माणसांस स्वतःविषयी ठाऊक होते. पुढे १९९७ साली अशा २७ संशोधनांचा एकत्र आढावा घेण्यात आला, आणि बहुतेक ठिकाणी हाच अनुभव आलेला दिसला. तेव्हा ‘प्रकृती कशी आहे’ हा प्रश्न पोरकट नाही. जिना चढताना लागणारी धाप, पहाटे तीनला उघडणारे डोळे, जेवणावरून उडालेली वासना, ह्या साऱ्यांची बेरीज माणूस मनातल्या मनात करीत असतो आणि एका शब्दात सांगतो.

ताणाच्या प्रश्नाची हकीकतही कॅनडाशीच निगडित आहे. ‘स्ट्रेस’ हा शब्द आज शाळकरी मुलांच्या तोंडीही असतो. वैद्यकात तो रूढ करण्याचे श्रेय हान्स सेली ह्या मूळच्या व्हिएन्नात जन्मलेल्या शास्त्रज्ञाकडे जाते, आणि त्यांचे सारे कार्य माँट्रिऑल शहरी झाले. १९३६ साली त्यांनी दाखविले की, उंदरांना थंडी, इजा, विष, अतिश्रम असा कोणताही जाच दिला तरी त्यांच्या शरीरात तेच तीन फरक होतात : मूत्रपिंडावरील ग्रंथी मोठ्या होतात, रोगप्रतिकाराशी संबंध असलेली छातीतील ग्रंथी आकसते आणि जठरात व्रण पडतात. जाच कोणत्या प्रकारचा आहे ह्याची शरीर फारशी चौकशी करीत नाही. आधी ते खडबडून जागे होते, मग टिकाव धरते, आणि जाच थांबलाच नाही तर शेवटी थकते.

ह्यातील शेवटची अवस्था आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. एकदाच धक्का बसला आणि त्यानंतर घरी सुरक्षितता, जवळची माणसे आणि झोप मिळाली, तर शरीर पुष्कळ अंशी पूर्वस्थितीवर येते. तसे व्हावे म्हणूनच निसर्गाने ही यंत्रणा दिली आहे. परंतु धोका त्याच घरात, त्याच रस्त्यावर उद्याही असेल, तर शरीरास ‘संकट टळले’ असे कळविणारा कोणीच नसतो. रक्तदाब चढलेला राहतो, कॉर्टिसॉल नावाच्या स्रावाची दिवसाची लय बिघडते, झोप तुटते, साखर वाढते. ह्या साचत जाणाऱ्या झिजेस न्यू यॉर्कचे शास्त्रज्ञ ब्रूस मॅक्युएन व त्यांचे एक सहकारी ह्यांनी १९९३ साली स्वतंत्र नाव दिले. आपण तिला ‘ताणाचे ओझे’ म्हणू. २०१४ च्या कॅनडातील पाहणीत पीडितांस चार गोष्टी मुद्दाम विचारल्या होत्या : त्या प्रसंगाची भयंकर स्वप्ने पडतात काय किंवा तो नको असताना आठवतो काय, तो आठवू नये म्हणून धडपड करावी लागते काय, सतत सावध राहावे लागते, चटकन दचकावयास होते काय, इतरांपासून तुटल्यासारखे, बधिर झाल्यासारखे वाटते काय. ह्यांपैकी तीन गोष्टींस ‘होय’ आले तर तो केवळ खेद नसून आजाराचे लक्षण असू शकते.

येथवर सर्व सरळ आहे. वर्षातून दोनदा जिच्यावर हल्ला होतो तिला ताण अधिक, तिची प्रकृती अधिक खालावलेली, आणि ती तसेच सांगणार, असे आपण गृहीत धरतो. खरी अडचण ह्या ‘सांगणार’ मध्ये आहे. ती उलगडण्यासाठी मला आपल्याच देशातील एक उदाहरण घ्यावे लागते, कारण ह्याहून बोलके उदाहरण मला ठाऊक नाही.

१९४३ साली बंगालात भीषण दुष्काळ पडला. त्याच्या दुसऱ्या वर्षी, १९४४ साली, कलकत्त्याजवळील सिंगूर भागात ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ हायजिन अँड पब्लिक हेल्थ ह्या संस्थेने लोकांच्या आरोग्याची पाहणी केली. तीत विधुर आणि विधवा ह्यांस प्रकृतीविषयी विचारले होते. विधुरांपैकी शेकडा ४८.५ जणांनी आपण आजारी आहोत अथवा आपली प्रकृती बरी नाही असे सांगितले. विधवांपैकी असे सांगणाऱ्या किती असाव्यात? शेकडा अडीच! त्या काळच्या बंगालातील विधवेचे जिणे काय होते हे सांगण्याची गरज नाही. तिचे अन्न तुटपुंजे, उपास अनेक, औषध सर्वांत शेवटी. ती विधुरापेक्षा वीसपट निरोगी होती असे कोण मानील? अमर्त्य सेन ह्यांनी हे आकडे पुढे जगापुढे आणले आणि त्यांचा अर्थ सांगितला. ज्या व्यक्तीला आपल्या शरीराची कुरकूर करण्याचा अधिकार आहे असे कधी कोणी भासू दिलेले नाही, तिला ती कुरकूर कुरकूर म्हणून ओळखूही येत नाही. २००२ साली त्याच लेखकाने आणखी एक विसंगती दाखविली. आपल्या देशात केरळातील लोक सर्वांत दीर्घायुषी असून आजारपणाच्या तक्रारी तेथेच सर्वांत अधिक. आणि बिहारात आयुर्मान कमी, दवाखान्यांची वानवा, तरी तक्रारी सर्वांत थोड्या.

मास्तरकी केलेल्या माणसास ह्यात नवल वाटू नये. वर्गात ‘समजले काय?’ असे विचारले की सर्वांत मोठ्याने ‘हो’ म्हणणारे शेवटच्या बाकावरचे असतात. आणि जो पुढे बसून शंका विचारीत राहतो त्याला खरे म्हणजे सर्वांत अधिक समजलेले असते.

आता हा धडा घेऊन कॅनडाकडे परत जाऊ. २००९ च्या पाहणीत मूलनिवासी स्त्रियांस त्यांच्या सुरक्षिततेविषयीही विचारले होते. गुन्ह्यांचे प्रमाण जवळजवळ तिप्पट असूनही त्यांतील बहुसंख्य स्त्रियांनी आपण समाधानी असल्याचे सांगितले, आणि ह्या बाबतीत त्या इतर स्त्रियांहून फारशा वेगळ्या दिसल्या नाहीत. ह्या उत्तराचा अर्थ काय करावयाचा? घाईने वाचणारा म्हणेल की, त्यांस सवय झाली आहे, त्यांचे काही अडत नाही. आपल्या भाषेत ‘सोशीक’ हा शब्द स्त्रियांच्या स्तुतीसाठी राखून ठेवलेला आहे. सोशीक पुरुषाचे गुणगान फारसे ऐकिवात नाही. त्याच स्तुतीची ही कॅनडातील आवृत्ती होय, आणि सरकारच्या तिजोरीस ती फार सोयीची आहे. उलट, ज्या पाहण्यांत मूलनिवासी लोक स्वतःची प्रकृती इतरांपेक्षा कमी चांगली सांगतात, आणि बहुतेक पाहण्यांत ते तसेच सांगतात, तेव्हा दुसरा एक वाचक म्हणतो की, हा समाजच दुबळा. दोन्ही वाचने सारखीच चुकीची आहेत. उत्तर हे नेहमी कशाच्या तरी तुलनेत दिलेले असते. टोरांटो शहरातील सुखवस्तू स्त्रीवर एका वर्षी हल्ला झाला, तर ती आपल्या गेल्या वर्षाशी, आपल्या बहिणीशी, आपल्या शेजारणीशी तुलना करते, आणि तिला आपली पायरी घसरलेली स्पष्ट दिसते. जिच्या बहिणीवर, आईवर व मैत्रिणीवर तोच प्रसंग येऊन गेला आहे, ती तुलना कोणाशी करणार?

ह्याचा आणखी एक परिणाम आकड्यांत उमटतो. संख्याशास्त्रज्ञ पीडित आणि अपीडित अशा दोन गटांची तुलना करून गुन्ह्याने आरोग्याचे किती नुकसान झाले हे काढू पाहतात. त्यासाठी अपीडितांचा गट खरोखर अस्पर्श असावा लागतो. ज्या समाजात हिंसेची झळ घरोघर पोचली आहे तेथे ‘गेल्या बारा महिन्यांत माझ्यावर हल्ला झाला नाही’ म्हणणारी स्त्री अस्पर्श कशी म्हणावी? तिची भाची बेपत्ता असेल. तिच्यावरचा हल्ला तेरा महिन्यांपूर्वी झालेला असेल. अशा ठिकाणी पीडित व अपीडित ह्यांच्या आरोग्यातील दरी कागदावर लहान दिसली, तर त्याचे कारण जखम लहान आहे हे नसून ती दोन्ही रकान्यांत पसरली आहे, हे असू शकते.

ही झळ किती जुनी आहे हेही पाहिले पाहिजे. एकोणिसाव्या शतकापासून तो १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत कॅनडात मूलनिवासी मुलांसाठी निवासी शाळा चालविल्या गेल्या. पैसा सरकारचा आणि चालक बहुधा ख्रिस्ती धर्मसंस्था. सुमारे दीड लाख मुले आईबापांपासून तोडून तेथे ठेवली गेली. मातृभाषेत बोलल्याबद्दल त्यांस मार बसे, नावे बदलली जात, उपासमार आणि लैंगिक अत्याचारही घडत, आणि हजारो मुले परत घरी गेलीच नाहीत. सत्यशोधन व समेट आयोगाने २०१५ साली हा सर्व वृत्तान्त नोंदविला. त्यापूर्वी ११ जून २००८ रोजी पंतप्रधान स्टीफन हार्पर ह्यांनी लोकसभेत क्षमा मागितली होती. ज्याचे आयुष्य फळ्यासमोर गेले त्यास हे वाचताना मान खाली घालावी लागते. ‘शाळा’ ह्या शब्दाचा इतका अपमान क्वचितच कोठे झाला असेल. दुसरीकडे कायद्याने स्त्रीचे स्थान वेगळ्या रीतीने खच्ची केले. मूलनिवासी स्त्रीने बाहेरच्या पुरुषाशी विवाह केला की तिचा कायदेशीर दर्जा जाई, राखीव वस्तीत राहण्याचा हक्क जाई. पुरुषाने बाहेरची बायको केली तर मात्र तो तसाच राही, उलट बायकोसच दर्जा मिळे. सँड्रा लव्हलेस ह्या बाईंनी ही तक्रार संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीपर्यंत नेली, समितीने १९८१ साली त्यांच्या बाजूने मत दिले आणि १९८५ साली तो नियम रद्द झाला. नवऱ्याने मारले तर माहेरी जावे, एवढी वाटही त्यापूर्वी अनेकींना बंद होती.

मग आता तरी त्या मोकळेपणाने का सांगत नाहीत? २००९ च्या पाहणीत, पती वा जोडीदार सोडून इतरांनी केलेल्या अत्याचारांपैकी शेकडा ७६ घटना पोलिसांच्या कानावर गेल्याच नव्हत्या असे आढळले. न सांगण्याची कारणे अनेक असतील, पण एक कारण असे आहे की ते ऐकताच कोणतीही आई समजेल. २०२१ च्या जनगणनेप्रमाणे कॅनडात चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांत मूलनिवासी मुले शेकडा ७.७, परंतु सरकारने आईबापांकडून काढून परक्या घरी सांभाळावयास दिलेल्या मुलांत त्यांचा वाटा शेकडा ५३.८. ‘माझ्या घरी मारहाण होते, मला झोप येत नाही, माझे मन थाऱ्यावर नाही’ असे सरकारी माणसास सांगितले, तर तो औषध देईल की मुले नेईल, ह्याची जिला खात्री नाही, ती टेलिफोनवरील अनोळखी आवाजास ‘ठीक आहे’ असेच सांगणार. तेथे ‘ठीक आहे’ हे आरोग्याचे वर्णन नसून दाराची कडी आहे.

शिवाय प्रश्न कोणास विचारला जातो हेही पाहावे. २०१४ पर्यंत ही पाहणी मुख्यतः टेलिफोनवरून होत असे. तुरुंगात, दीर्घकाळच्या रुग्णालयात असलेली माणसे तीत येत नाहीत. ज्यांना घरच नाही त्यांची गाठ पडत नाही. २००९ साली मुलाखती केवळ इंग्रजी व फ्रेंच भाषांत झाल्या. जिच्यावर सर्वांत कठीण प्रसंग आला ती त्या दिवशी टेलिफोनजवळ असण्याचा संभवच सर्वांत कमी.

ह्यावर कोणी सुचवील की, स्वकथनावर विसंबू नये, रुग्णालयाची दप्तरे पाहावीत. पण दप्तरात नोंद होण्यासाठी आधी रुग्णालयात जावे लागते. सप्टेंबर २०२० मध्ये क्वेबेक प्रांतातील एका रुग्णालयात अतिकामेक जमातीच्या एका स्त्रीने स्वतःच्या टेलिफोनवर चित्रण सुरू केले. परिचारिका तिची निंदानालस्ती करीत असल्याचे त्यात ऐकू आले, आणि त्यानंतर थोड्याच वेळात ती तेथेच मरण पावली. मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने २०२१ च्या अहवालात वंशभेदाचा त्या मृत्यूशी संबंध असल्याचे स्पष्ट म्हटले. ब्रिटिश कोलंबिया प्रांतातही २०२० साली एक मोठी चौकशी होऊन आरोग्यसेवेतील असा भेदभाव सर्वत्र आढळणारा आहे असा निर्णय झाला. ज्यांना दवाखान्याची पायरी चढावीशी वाटत नाही त्यांचे आजार दप्तरात सापडणार नाहीत. तेव्हा स्वकथित उत्तर कितीही अपुरे असले तरी पुष्कळदा तोच एक पुरावा हाती असतो. तो टाकून द्यावयाचा नाही. त्याच्याभोवतीची परिस्थिती त्याच्या शेजारी मांडून वाचावयाचा.

परिस्थिती बदलली म्हणजे काय होते ह्याचे एक साधे उदाहरण देतो. ब्रिटिश कोलंबियात प्रिन्स जॉर्ज ते प्रिन्स रूपर्ट असा सातशे किलोमीटरांहून लांब रस्ता आहे, महामार्ग क्रमांक १६. त्याला लोक ‘अश्रूंचा महामार्ग’ म्हणतात, कारण १९७० च्या आसपासपासून त्या रस्त्याच्या परिसरात अनेक मुली व स्त्रिया नाहीशा झाल्या वा मारल्या गेल्या, आणि त्यांत मूलनिवासी फार होत्या. वस्त्या विरळ, मोटार घरी नाही, सार्वजनिक गाडी नाही. दवाखान्यास वा बाजारास जावयाचे तर रस्त्याच्या कडेला उभे राहून परक्याच्या मोटारीस हात करावयाचा. २००६ साली तेथील लोकांनी परिषद भरवून ३३ शिफारशी केल्या, आणि त्यांत बसगाडीची मागणी होती. गाड्या धावू लागण्यास २०१७ साल उजाडले. बस मागण्यास मानसशास्त्र लागत नाही. पण ‘तुमचे दिवस किती ताणाचे जातात’ ह्या प्रश्नाच्या उत्तरात त्या अकरा वर्षांचा वाटा किती, हे कोणत्याही कोष्टकात दिसत नाही. खून झालेल्या व बेपत्ता स्त्रियांविषयी नेमलेल्या राष्ट्रीय चौकशी मंडळाने ३ जून २०१९ रोजी आपला अहवाल दिला. त्यात न्यायासाठी २३१ मागण्या आहेत, आणि आरोग्य, निवारा व वाहतूक ह्या गोष्टी पोलिसांच्या कामाइतक्याच अगत्याने मांडल्या आहेत.

फर्स्ट नेशन्सच्या लोकांनी एक गोष्ट मात्र सरकारची वाट न पाहता केली. १९९७ पासून ते आपल्या वस्त्यांत आरोग्याची स्वतःची पाहणी करू लागले. १९९८ साली त्यांनी तत्त्व ठरविले की, आपल्या लोकांविषयीच्या माहितीची मालकी, तिच्यावरील नियंत्रण, ती पाहण्याचा हक्क आणि ती ताब्यात ठेवण्याचा हक्क आपल्याकडेच राहील. प्रश्न विचारणारा माणूस पुष्कळदा त्याच वस्तीतला असतो. ‘प्रकृती उत्कृष्ट, चांगली की वाईट’ हा पाच पायऱ्यांचा प्रश्न त्यातही आहे, कारण इतरांशी तुलना करावयाची तर तो लागतोच. पण त्याच्या जोडीस ते आणखी विचारतात की, शरीर, भावना, बुद्धी आणि आत्मा ह्या चार बाजूंनी तुम्हांस समतोल कितपत वाटतो, आणि ह्या चारांचे उत्तर वेगवेगळे घेतात. आणि त्याच प्रश्नावलीत, बाईच्या स्वतःच्या प्रकृतीबरोबर, तिची आई व आजी निवासी शाळेत गेल्या होत्या काय, हेही विचारलेले असते.